मुलांचं मंडळ कोणाच्या हाती द्यायचं?

आम्ही बचत गटांच्या समन्वयक. एरवी या कार्यक्रमात आम्ही कर्ज, हप्ते, व्याज आणि शेळीपालन यांबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण गटाच्या कामापासून लांबचा नाही. गावोगावी आता गटातल्या बायकाच किशोरी मंडळं, संध्याकाळचे अभ्यासवर्ग, सुट्टीतली शिबिरं चालवायला पुढे येतात. तिथे शिकवायला, खेळ घ्यायला, मुलांना तालुक्याला स्पर्धेसाठी घेऊन जायला कोणीतरी मोठं माणूस लागतं. ते कोण असावं हे ठरवताना बैठकीत बहुतेक वेळा एकच वाक्य येतं: "ओळखीचाच आहे, आपल्या गावचाच आहे." आणि तेवढ्यावर विषय संपतो.

हे वाक्य पुरेसं आहे का? अमेरिकेतल्या खेड्यांनी या प्रश्नाचं उत्तर शोधायला बरीच वर्षं घेतली. तिथे 'फोर-एच' नावाची मुलांची मंडळं जवळपास सव्वाशे वर्षांपासून चालत आली आहेत. आज तिथे कोणीही मोठं माणूस आपल्या मनाने उठून मंडळ चालवायला लागू शकत नाही. आधी अर्ज, मग चौकशी, मुलाखत, प्रशिक्षण, आणि त्यानंतर 'मान्यताप्राप्त स्वयंसेवक' म्हणून नाव लागतं. सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. ओळखीपासून मान्यतेपर्यंत ते लोक कसे आले, तो इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे. त्यातून आपल्या मंडळांना काय घेता येईल, तेही शेवटी पाहू.

सुरुवात १९०२ सालची. ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड भागात आल्बर्ट ग्रॅहम नावाचे शाळांचे अधीक्षक होते. त्या वर्षी १५ जानेवारीला त्यांनी खेड्यातल्या मुलामुलींची एक बैठक बोलावली. जागा होती तिथल्या कचेरीचं तळघर. दहा ते पंधरा वर्षांची सुमारे ८५ मुलं आली. पुस्तकातलं शिकून झाल्यावर शेतातलं काय शिकायचं, यावर ती बैठक होती. मुलांनी मक्याचं बियाणं निवडून लावायचं, मातीची परीक्षा करायची, भाजीपाला लावायचा आणि सगळ्याची नोंद ठेवायची, असं ठरलं.

त्याच सुमारास आयोवा राज्यात जेसी फील्ड नावाच्या तरुण शिक्षिकेने शाळा सुटल्यावर मुलांचं मक्याचं मंडळ आणि मुलींचं घरकामाचं मंडळ सुरू केलं. पुढे त्या साऱ्या काउंटीच्या शाळांच्या अधीक्षक झाल्या. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा भाग. मुलांना बक्षीस म्हणून त्यांनी तीन पानांच्या घासाची एक छोटी पिन बनवून घेतली. तीन पानं म्हणजे डोकं, हात आणि हृदय. इंग्रजीत या तिन्ही शब्दांची सुरुवात 'एच' या अक्षराने होते. पुढे आरोग्याचं चौथं पान जोडलं गेलं आणि त्यावरून 'फोर-एच', म्हणजे 'चार एच', हे नाव पडलं. चार पानांचा हिरवा घास ही या मंडळांची आजही खूण आहे.

तिसरी गोष्ट आपल्याला सगळ्यात जवळची वाटेल. दक्षिण कॅरोलिना राज्यात मेरी क्रोमर नावाच्या खेड्यातल्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. मुलांची मक्याची मंडळं पाहून त्यांनी विचारलं, मुलींसाठी काय? १९१० साली त्यांनी मुलींचं टोमॅटो मंडळ काढलं. प्रत्येक मुलीने एक दशांश एकर जागेत टोमॅटो लावायचे. आपल्या हिशोबात ती जागा चार गुंठे होते. टोमॅटो पिकवायचे, डब्यात भरून टिकवायचे, विकायचे, आणि पैसे मुलीने स्वतः ठेवायचे. ज्या काळात तिथल्या बायकांना मतदानाचा हक्कही सगळीकडे नव्हता, त्या काळात खेड्यातल्या मुलीच्या हातात तिच्या कष्टाचा पैसा आला. टोमॅटोची मंडळं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरत गेली.

ही मंडळं सरकारला आणि कृषी विद्यापीठांना का आवडली, त्यालाही कारण होतं. विद्यापीठात नवं बियाणं, नवी पद्धत निघत होती, पण जुने शेतकरी ऐकायला तयार नव्हते. "आमचे आजोबा असंच करायचे," हे वाक्य तिथेही होतं. मग एकाच बांधाच्या दोन बाजूंना बापाचा मका आणि पोराचा मका उभा राहिला. पोराचा जास्त आला की बाप विचारायला लागला. मुलांच्या हातून नवी शेती घरात शिरली.

१९१४ साली अमेरिकेच्या संसदेने स्मिथ-लिव्हर कायदा केला. त्यातून कृषी विद्यापीठांचं विस्तारकार्य सुरू झालं, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान खेड्यात नेण्याचं काम. मुलांची मंडळं या विस्तारकार्याचा भाग झाली. आपल्याकडची कृषी विद्यापीठंही पुढे याच नमुन्यावर उभी राहिली. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. राहुरीच्या विद्यापीठाने गावोगावच्या बायकांना सांगितलं असतं की तुमच्या गावातल्या मुलांचं शेतीमंडळ तुम्ही चालवा, आम्ही माहिती देतो, तर ते कसं दिसलं असतं, तसं फोर-एच दिसतं.

पण पगारी अधिकारी एका काउंटीत एक किंवा दोन. ते प्रत्येक गावात कुठून पोचणार? म्हणून गावातलंच कोणीतरी शोधायचं. त्या माणसाला 'स्थानिक लीडर' म्हणत. कुठे शेतकऱ्याची बायको असायची, कुठे शिक्षिका, कुठे ज्याच्या गाईंना जत्रेत बक्षीस मिळतं असा गोपालक. मंडळाची बैठक कधी शाळेत, कधी कोणाच्या स्वयंपाकघरात व्हायची. लीडरबाई डबे भरायला, शिवायला, कोंबड्या पाळायला शिकवायच्या. मुलं आपल्यातूनच अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडायची. सचिव इतिवृत्त लिहायचा, प्रत्येक मूल आपल्या कामाच्या खर्चाची आणि उत्पन्नाची वही ठेवायचं. हे ऐकून तुम्हाला आपली गटाची बैठक आठवली असेल, तर ते बरोबरच आहे.

या लीडरला पगार नव्हता. निवडीची पद्धतही साधी होती. अधिकारी गावात यायचा, चार लोकांना विचारायचा, आणि ज्या बाईचं नाव दोन-तीन घरांतून यायचं तिला म्हणायचा, "तुम्ही घ्या ना मुलांचं." ती हो म्हणाली की झाली लीडर. गाव लहान होतं, सगळे सगळ्यांना ओळखत होते. ओळख हीच परीक्षा होती.

या पद्धतीला आम्ही नावं ठेवणार नाही. तिच्यामुळेच फोर-एच उभं राहिलं. आज ही संघटना जवळपास ६० लाख मुलांपर्यंत पोचते, आणि तिचा सगळा डोलारा बिनपगारी माणसांवर आहे. त्यांतल्या कितीतरी बायका आहेत. ज्या बाईच्या अंगणात मूल लहानाचं मोठं झालं, तिच्याकडे ते मनापासून शिकतं. हे कुठल्याही अर्जावर लिहून येत नाही.

पण ओळखीवर चालणाऱ्या कामात दोन भेगा होत्या. त्या हळूहळू दिसायला लागल्या.

पहिली भेग ही की ओळख म्हणजे कोणाची ओळख? अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या मुलांची मंडळं वेगळी आणि काळ्या मुलांची वेगळी होती. काळ्या शेतकऱ्यांमध्ये विस्तारकार्य करणारे पहिले अधिकारी टॉमस कॅम्पबेल १९०६ साली टस्कीगी संस्थेतून गाडी घेऊन निघाले. त्या गाडीत नांगर, बियाणं, दूध घुसळायची साधनं असत. ती चालती शाळाच होती. काळ्या बायकांनीही आपापल्या गावात मुलांची मंडळं चालवली, पण पैसा, साधनं आणि मान त्यांच्या वाट्याला कमी आला. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि त्यानंतर ही वेगळी वेगळी रचना मोडायला लागली. तीही सहज मोडली नाही, कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. यातून एक गोष्ट कळते. जिथे फक्त "आपल्यातला" म्हणून माणूस निवडतात, तिथे "आपल्यातला" कोण हे आधीच ठरलेलं असतं. आपल्या गावातही वरच्या आळीच्या बाईचं नाव पटकन सुचतं. वस्तीवरच्या शिकलेल्या मुलीचं नाव कोणी घेत नाही. सगळ्यांना सारखा अर्ज आणि सारखे प्रश्न असले, तर निदान तिचा अर्ज टेबलावर येतो.

दुसरी भेग जास्त खोल होती. तिच्याबद्दल लोक फार उशिरा बोलायला लागले. ओळखीचं माणूसच मुलांना इजा करू शकतं.

या बाबतीत अमेरिकेला सगळ्यात मोठा धडा फोर-एचमधून नाही, बॉय स्काउट्स या दुसऱ्या मोठ्या संघटनेतून मिळाला. ही संघटना अमेरिकेत १९१० साली सुरू झाली. मुलांशी गैरवर्तन केल्याचा आरोप असलेल्या आणि म्हणून काढून टाकलेल्या लीडरांची नावं ती १९२० च्या दशकापासून एका गुप्त यादीत ठेवत होती. उद्देश असा की त्या माणसाला पुन्हा घेऊ नये. पण ती यादी कपाटात राहिली. अनेक प्रकरणांत पोलिसांना कळवलं गेलं नाही, गावातल्या पालकांना सांगितलं गेलं नाही. "संघटनेचं नाव जाईल" या भीतीने गप्प राहणं चालू होतं. २०१० साली ओरेगन राज्यातल्या खटल्यात ज्यूरीने संघटनेला जबाबदार धरलं. २०१२ साली न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ या काळातल्या हजाराहून जास्त माणसांच्या फायली लोकांसमोर आल्या. पुढे २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली, आणि ८२ हजारांहून जास्त लोकांनी लहानपणी आपल्यावर अत्याचार झाला म्हणून दावे केले.

हा आकडा ऐकून थोडं थांबा. यांतले बरेच लीडर त्या त्या गावात मान असलेली माणसं होती. शिक्षक होते, धर्मगुरू होते, शेजारचे काका होते. त्यांना कोणी ओळखत नव्हतं असं मुळीच नाही. उलट ओळख होती म्हणूनच पालकांनी मुलं पाठवली, आणि मुलांनी काही सांगितलं तेव्हा "असं कसं होईल, ते तर किती चांगले आहेत," म्हणून कोणी ऐकून घेतलं नाही.

दरम्यान कायदेही बदलत होते. १९९१ साली ओप्रा विन्फ्री या टीव्हीवरच्या प्रसिद्ध निवेदिका अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्षीला गेल्या. लहानपणी आपल्यावर घरच्याच माणसांकडून अत्याचार झाले होते, हे त्यांनी आधीच जगापुढे सांगितलं होतं. त्यांच्या पाठपुराव्याने १९९३ साली मुलांच्या संरक्षणाचा राष्ट्रीय कायदा झाला. मुलांची देखभाल करणाऱ्या माणसांच्या गुन्ह्यांच्या नोंदी देशभरातून तपासता याव्यात, असा त्याचा रोख होता. १९९८ साली स्वयंसेवकांसाठी आणखी एक कायदा आला. एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात नव्याने "काका" म्हणून वावरणाऱ्याला अडवण्याची सोय त्यातून झाली.

या सगळ्या वातावरणात फोर-एचनेही आपली पद्धत बदलली. आता तिथे मंडळ चालवायचं असेल तर काय करावं लागतं ते पाहू. राज्याराज्यांत बारीक फरक आहेत, पण पायऱ्या साधारण सारख्या आहेत.

पहिली पायरी अर्ज. त्यात आधी कुठे राहत होता, मुलांबरोबर कुठे काम केलंय, हे काम का करायचंय, हे लिहून द्यायचं. दुसरी पायरी ओळख देणारी माणसं. दोन-तीन जणांची नावं द्यायची, पण ती नातेवाईक नकोत. कार्यालय त्यांना स्वतः विचारतं: हे माणूस मुलांशी कसं वागतं? रागावलं की काय करतं? तुमचं मूल त्यांच्याबरोबर पाठवाल का? तिसरी पायरी गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी. काही राज्यांत बोटांचे ठसेही घेतात. चौथी पायरी समोरासमोर मुलाखत. पाचवी पायरी प्रशिक्षण. त्यात मुलांच्या वयाप्रमाणे कसं वागायचं, इजा झाली तर काय करायचं, मुलाने काही सांगितलं तर कोणाला कळवायचं, हे शिकवतात. सहावी पायरी वागणुकीच्या नियमांवर सही. हे सगळं झालं की विद्यापीठाचं विस्तार कार्यालय मान्यता देतं. ही मान्यता कायमची नसते. दरवर्षी नाव नव्याने नोंदवायचं, आणि नोंदींची तपासणी दर काही वर्षांनी पुन्हा करायची.

मान्यता गाव देत नाही, कार्यालय देतं, याला कारण आहे. फोर-एचचं नाव आणि चार पानांची खूण यांना १९३९ पासून कायद्याचं संरक्षण आहे. त्या खुणेखाली जे माणूस उभं राहतं, ते सरकारच्या आणि विद्यापीठाच्या नावाने उभं राहतं. म्हणून त्याची जबाबदारी त्यांनी घ्यायची.

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. तीस वर्षं मुलांना शिकवणाऱ्या आजींनी आता अर्ज भरायचा? पोलिसांकडे जायचं? त्यांना काय वाटेल? हा प्रश्न खरा आहे. चांगल्या माणसाला चौकशी झाली की अपमान वाटतो. यावर तिथे निघालेला तोडगा एवढाच, की नियम सगळ्यांना सारखा. अधिकाऱ्याच्या बायकोलाही तोच अर्ज, नव्याने आलेल्या तरुणालाही तोच. एकाच माणसाची चौकशी केली तर तो संशय होतो. सगळ्यांची केली तर ती पद्धत होते, आणि पद्धतीचा कोणाला राग यायचं कारण उरत नाही.

दुसरी शंका याहून महत्त्वाची आहे. पोलिसांच्या नोंदीत फक्त पकडला गेलेला माणूस सापडतो. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याचा दाखला कोराच येणार. म्हणून तिथे दाखल्यावर विसंबून राहत नाहीत, रोजच्या वागण्याचे नियम ठेवतात. त्यातला मोठा नियम असा की मुलांबरोबर एकटं मोठं माणूस नको, दोन असावीत. एका मुलाशी वेगळं बोलायचं असेल तर इतरांना दिसेल अशा जागी बोलायचं. मुक्कामाच्या शिबिरात मोठ्यांची आणि मुलांची झोपायची सोय वेगळी. मुलाला गुपचूप भेटवस्तू, गुपचूप निरोप नाही. या नियमांनी चांगल्या माणसालाही संरक्षण मिळतं. उद्या कोणी खोटा आरोप केला, तर सोबत असलेलं दुसरं माणूस साक्षीला असतं.

आता हे सगळं आपल्या गावात आणून पाहू. मैत्रिणींनो, बचत गटाचे पैसे आपण कसे सांभाळतो? कोषाध्यक्ष आपली जाऊ असते, शेजारीण असते, कधी बालमैत्रीण असते. तरी दर बैठकीला हिशोब वाचून दाखवतो. पैसे काढायला एकीची सही चालत नाही. पासबुक सगळ्यांना दाखवतो. यात कोषाध्यक्षेवर अविश्वास आहे असं कोणी म्हणत नाही. हिशोब उघडा आहे म्हणूनच भांडण होत नाही, आणि तिच्यावरही बालंट येत नाही, हे आपण इतक्या वर्षांत शिकलो आहोत. फोर-एचच्या मंडळांतही अनेक राज्यांत बँक खात्यावर दोन सह्या लागतात आणि त्या एकाच घरातल्या चालत नाहीत. म्हणजे आपण दहा-वीस रुपयांच्या बचतीला जी काळजी घेतो, ती मुलांच्या बाबतीत घ्यायची, एवढंच हे मागणं आहे.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, २०१२ साली १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी लागू झाला. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला तो लागू आहे, मुलगी असो वा मुलगा. या कायद्याखाली नोंदलेल्या गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी सांगते की शंभरातल्या नव्वदांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच होता. "ओळखीचाच आहे" या वाक्याकडे आता या आकड्याच्या उजेडात पाहा.

याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत म्हटलं आहे की मुलं जिथे राहतात किंवा मुलांशी जिथे नेहमी संबंध येतो, अशा संस्थांनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पूर्वीची चौकशी ठरावीक काळाने करावी. शाळा, पाळणाघरं, खेळाच्या संस्था यात येतात. पण नियमातला शब्द कर्मचाऱ्यांचा आहे. आपल्या किशोरी मंडळात शिवण शिकवायला येणारी ताई किंवा कबड्डी शिकवणारा दादा बहुतेक वेळा कोणाचा कर्मचारी नसतो. तो स्वतःच्या हौसेने, फुकट येतो. त्याची चौकशी करायला वरून कोणी येणार नाही. अमेरिकेत विद्यापीठाचं कार्यालय जे करतं, ते आपल्याकडे मंडळ चालवणाऱ्या गटाने आणि ग्रामसंघानेच करायचं आहे.

काय करता येईल? एका बैठकीत ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा. आमच्या मंडळात मुलांबरोबर काम करणारं प्रत्येक मोठं माणूस एक पानाचा अर्ज भरेल. नात्यात नसलेल्या दोघांची नावं देईल, आणि आपण त्या दोघांना प्रत्यक्ष भेटून विचारू. पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणेल. मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं असतील आणि मुलींच्या मंडळात त्यात एक बाई असेलच. वर्ग अंगणवाडीत असो वा समाजमंदिरात, दार उघडं राहील. मुलांना रात्री वैयक्तिक फोन किंवा मेसेज कोणी करणार नाही, निरोप पालकांच्या फोनवर जाईल. बाहेरगावी जाताना कोण कोणाबरोबर जातंय, परत कधी येणार, हे वहीत लिहून पालकांची सही घेतली जाईल. आणि हा सगळा अर्ज दरवर्षी नव्याने होईल. पहिले अर्ज आपण, म्हणजे गटाच्या अध्यक्ष, सचिव आणि आम्ही समन्वयक, भरू. मग सरपंचांच्या मुलाला अर्ज द्यायला कोणाची जीभ अडखळणार नाही.

मुलांनाही सांगून ठेवा की तुम्हाला कोणाचं वागणं नको वाटलं तर कोणाला सांगायचं. मंडळातल्या एका ताईचं नाव ठरवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, तो फुकट लागतो. मूल काही सांगायला आलं तर आधी ऐकून घ्या. त्याला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू नका, त्याची चूक काढू नका. आणि एक कायद्याची गोष्ट पक्की लक्षात ठेवा. असा गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि माहीत असून गप्प बसणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा होऊ शकते. प्रकरण बैठकीत मिटवायचा अधिकार ना गटाला आहे, ना पंचांना. मुलाचं नाव मात्र गावभर होऊ द्यायचं नाही, तेही कायदाच सांगतो.

एक धोकाही सांगतो. नियम इतके वाढवू नका की मंडळच बंद पडेल. मुलं घरी बसली, मुली पुन्हा चार भिंतींत गेल्या, तर त्यातही नुकसान आहेच. मेरी क्रोमर यांच्या टोमॅटो मंडळातल्या मुलीला चार गुंठे जमीन, एक शिकवणारी बाई आणि तिच्यावर विश्वास ठेवणारे आईबाप मिळाले म्हणून ती घराबाहेर पडली. आपल्या मुलींनाही हेच लागतं. एक पानाचा अर्ज, दोन माणसांची चौकशी आणि उघडं दार एवढ्याने कोणाचं काम अडत नाही. उलट शेतमजुरीला जाणारी आई निर्धास्तपणे म्हणते, "जा गं मंडळात, तिथे ताया आहेत." ती असं म्हणू शकली, तर मंडळात मुली वाढतात.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला ठेवा. गावात आत्ता मुलांबरोबर कोण कोण काम करतंय, त्यांची नावं एका कागदावर लिहा. प्रत्येक नावापुढे विचारा, या माणसाबद्दल आपल्याला काय माहीत आहे आणि ते कोणी सांगितलं. जिथे उत्तर फक्त "ओळखीचा आहे" एवढंच असेल, तिथून काम सुरू करा. अर्जाचा नमुना हवा असेल तर तुमच्या भागातल्या समन्वयक ताईंना विचारा, आम्ही तो सगळ्या ग्रामसंघांपर्यंत पोचवतो आहोत. तुमच्या मंडळात काय ठरलं तेही आम्हाला कळवा.